डिरिअलायझेशन

डिरिअलायझेशन म्हणजे भोवतालचे जग खरे नसल्याची, परके किंवा दूरस्थ झाल्याची जाणीव होय. या अवस्थेत माणसाची शुद्ध हरपलेली नसते. त्याची स्मृती व बुद्धी शाबूत असते आणि जग प्रत्यक्षात बदललेले नाही हेही त्याला कळत असते. बदललेली असते ती जगाची प्रतीती. हाच परकेपणा स्वतःच्या शरीराविषयी, आवाजाविषयी, विचारांविषयी किंवा भावनांविषयी जाणवू लागला, तर त्याला डिपर्सनलायझेशन म्हणतात. दोन्ही अनुभव बहुधा जोडीने येतात. त्यामुळे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत ते एकाच विकाराच्या नावाखाली एकत्र करण्यात आले. मराठीत या संज्ञेला सर्वमान्य प्रतिशब्द नसल्याने प्रस्तुत लेखात ‘अवास्तवतेची जाणीव’ हा वर्णनात्मक शब्दप्रयोग केला आहे.

क्षणिक स्वरूपात ही जाणीव अत्यंत सामान्य आहे. निरनिराळ्या पाहण्यांच्या एकत्रित आढाव्यानुसार सर्वसाधारण लोकसंख्येतील २६ ते ७४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा अनुभव येतो. तो दीर्घकाळ टिकून विकाराचे रूप घेण्याचे प्रमाण मात्र सुमारे १ ते २ टक्के मानले जाते. स्त्री व पुरुष यांच्यातील प्रमाण जवळपास सारखे आहे. विकाराचा आरंभ बहुतेकदा किशोरवयात किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर होतो. पंचविशीनंतर तो पहिल्यांदा उद्भवणे तुलनेने विरळ, आणि चाळिशीनंतर उद्भवल्यास आधी शारीरिक कारण शोधले जाते.

अनुभवाचे स्वरूप

हा अनुभव घेतलेली माणसे त्याचे वर्णन करताना हटकून उपमांचा आधार घेतात. आपल्यात आणि जगात काचेची भिंत उभी आहे, सगळीकडे धुके पसरले आहे, समोरचे दृश्य पडद्यावरच्या चित्रासारखे सपाट आहे, आपण स्वप्नात वावरत आहोत, अशी ही वर्णने असतात. काहींना रंग फिके दिसतात, तर काहींना वस्तूंच्या कडा नको इतक्या ठळक भासतात. आवाज लांबून येतात. अंतराचा व आकाराचा अंदाज डळमळतो. सकाळी घडलेली गोष्ट कित्येक वर्षांपूर्वीची वाटते.

सर्वांत क्लेशदायक भाग बहुधा ओळखीच्या गोष्टींबाबतचा असतो. स्वतःचे घर, नेहमीची गल्ली, आईचा चेहरा हे सारे ओळखू येते; पण ओळखीबरोबर आपोआप येणारी जवळीक येत नाही. ‘ही माझी आई आहे’ हे माहीत असते, जाणवत मात्र नाही. आपले प्रेम आटले, आपण निर्दय झालो, असा चुकीचा निष्कर्ष अनेक जण यातून काढतात आणि अपराधी भावनेने अधिकच खचतात. वस्तुतः भावना नाहीशी झालेली नसते; तिच्यापर्यंत पोहोचणारी वाट काही काळ अडलेली असते.

या अनुभवात आणि भ्रमात फरक कसा करावा, हे मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाला अलंकारांच्या धड्यावरून सहज उमगेल. उत्प्रेक्षा अलंकारात ‘जणू’, ‘वाटे’, ‘भासे’ असे शब्द येतात. भ्रांतिमान अलंकारात मात्र भास खराच मानला जातो आणि माणूस त्याप्रमाणे कृतीही करतो. अवास्तवतेची जाणीव होणारी व्यक्ती नेहमी उत्प्रेक्षेच्या भाषेत बोलते: जग जणू खोटे आहे, मी जणू यंत्र झालो आहे. मनोविकृतीच्या रुग्णाच्या बोलण्यातला ‘जणू’ गळून पडलेला असतो. जग खोटेच आहे, लोकांच्या जागी तोतये आणून बसवले आहेत, अशी त्याची पक्की खात्री असते. वास्तवाची पारख शाबूत असणे हा डिरिअलायझेशनच्या निदानाचा आवश्यक निकष आहे. आपल्याला वेड लागत असल्याची भीती या अवस्थेत फार मोठ्या प्रमाणावर आढळते. पण ही अवस्था हळूहळू मनोविकृतीत रूपांतरित होत जाते, ही समजूत निराधार आहे.

कारणे व प्रसंग

रात्रीची जागरणे, लांबचा प्रवास, ताप, उपासमार, परीक्षेचा ताण, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू किंवा अपघात यांपैकी कोणत्याही प्रसंगी निरोगी माणसालाही काही मिनिटे वा काही तास अवास्तवतेची जाणीव होऊ शकते. तीव्र भीतीच्या झटक्यातील हे एक परिचित लक्षण आहे. घाबरून जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होणे, बोटांना मुंग्या येणे व भोवताल परका वाटणे ही लक्षणे एकदमच दिसतात.

दीर्घकालीन विकाराची सुरुवातही अशाच प्रसंगांतून होते. न्यूयॉर्कमधील मानसोपचारतज्ज्ञ डॅफ्नी सिमियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ११७ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तीव्र मानसिक ताण, नैराश्य, भीतीचे झटके आणि गांजा किंवा भ्रमजनक द्रव्यांचे सेवन ही त्यात आढळलेली प्रमुख तात्कालिक कारणे होती. बालपणातील भावनिक छळ, म्हणजे सततचा अपमान, धाकदपटशा व अवहेलना, यांचाही या विकाराशी संबंध दिसून आला आहे. मात्र प्रत्येक रुग्णाच्या भूतकाळात एखादा आघात दडलेला असलाच पाहिजे असे नाही. तो उकरून काढण्याचा अट्टहास निष्फळ ठरू शकतो.

गांजाचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे महाशिवरात्रीची किंवा होळीची भांग निरुपद्रवी समजली जाते. भांग व गांजा ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत. बहुतेकांच्या बाबतीत त्यांचा परिणाम काही तासांत ओसरतो, परंतु थोड्या व्यक्तींमध्ये एखाद्या घाबरवून सोडणाऱ्या नशेनंतर अवास्तवतेची जाणीव कित्येक महिने रेंगाळते. एलएसडी, केटामिन व एमडीएमए या द्रव्यांबाबतही हेच आढळले आहे.

संज्ञेचा इतिहास

पॅरिसमधील वैद्य मोरिस क्रिशाबेर यांनी १८७३ मध्ये ३८ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. छातीत धडधड, चक्कर व चिंता यांच्या जोडीला त्यांतील काहींनी जग स्वप्नवत भासत असल्याचे सांगितले होते. क्रिशाबेर यांनी त्याचा दोष ज्ञानेंद्रियांतील बिघाडाला दिला. पुढे फ्रेंच विचारवंत ल्युडोव्हिक दुगा यांनी १८९८ मध्ये ‘डिपर्सनलायझेशन’ हा शब्द तांत्रिक अर्थाने रूढ केला. हा शब्द त्यांना स्वित्झर्लंडमधील लेखक आंरी-फ्रेदेरिक आमिएल यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीत सापडला होता. एखाद्या वैद्यकीय संज्ञेचा उगम रोजनिशीत असावा, ही गोष्ट या विकाराच्या बाबतीत फारशी नवलाची नाही. तो बाहेरून दिसत नाही, केवळ सांगितल्यावरच कळतो.

जगाविषयीचा परकेपणा दाखवणारी ‘डिरिअलायझेशन’ ही वेगळी संज्ञा १९३० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात पुढे आली. तिचे श्रेय तेथील प्रमुख एडवर्ड मॅपोथर यांना दिले जाते. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये आलेले विली मायर-ग्रॉस यांनी १९३५ च्या आपल्या निबंधात या दोन्ही अनुभवांचे सविस्तर विवेचन केले.

सिग्मंड फ्रॉइड यांनाही हा अनुभव आला होता. १९०४ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते धाकटा भाऊ अलेक्झांडर याच्यासह अथेन्सच्या अक्रोपोलिसवर उभे असताना, शाळेत ज्याविषयी शिकलो ते हे स्थळ खरोखरच अस्तित्वात आहे, असा विचित्र विस्मय त्यांच्या मनात दाटून आला. जे डोळ्यांसमोर होते त्याच्या खरेपणाविषयी आपल्याला क्षणभर शंका वाटली होती, असा अर्थ त्यांनी पुढे लावला. १९३६ मध्ये रोमाँ रोलाँ यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेल्या जाहीर पत्रात त्यांनी या प्रसंगाचे विश्लेषण करून त्याचा संबंध वडिलांच्या पुढे निघून गेल्याच्या अपराधी भावनेशी जोडला. हे स्पष्टीकरण सर्वांना पटण्याजोगे नाही. तथापि हा अनुभव आनंदाच्या शिखरावरही येऊ शकतो, एवढे त्या पत्रावरून दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या विकाराला एफ ४८.१ हा क्रमांक देऊन तो ‘इतर’ मज्जाविकृतींच्या गटात टाकला होता. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत त्याची गणना विच्छेदी विकारांमध्ये केली असून त्याचा क्रमांक ६बी६६ असा आहे.

मेंदूतील प्रक्रिया

संकटात भावना गोठण्याची क्षमता माणसात मुळातच असावी असे मानण्यास जागा आहे. स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांनी आल्प्स पर्वतात कड्यावरून कोसळूनही वाचलेल्या गिर्यारोहकांच्या हकिकती १८९२ मध्ये प्रसिद्ध केल्या. कोसळत असताना वेदना वा भीती जाणवली नाही, मन आश्चर्यकारकरीत्या शांत व स्वच्छ होते, काळ संथ झाला होता, असे त्यांतील अनेकांनी सांगितले. अमेरिकेतील रसेल नॉयस व रॉय क्लेटी यांनी १९७० च्या दशकात जिवावरच्या प्रसंगांतून वाचलेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही असेच चित्र दिसले. अशा क्षणी घाबरून गोठून जाण्यापेक्षा अलिप्तपणे हातपाय हलवणे जीव वाचवणारे ठरते.

मॉरिसियो सिएरा व जर्मन बेरिओस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, चिंता एका मर्यादेपलीकडे गेली की मेंदूचा पुढचा भाग भावनांशी निगडित केंद्रांना, विशेषतः अमिग्डालाला, दाबून धरतो. परिणामी दृश्य दिसते, पण त्याला भावनेचा रंग चढत नाही. २००१ मध्ये लंडनमध्ये अल्पसंख्य रुग्णांवर झालेल्या मेंदू-प्रतिमा अभ्यासात किळसवाणी चित्रे पाहताना भावनांशी संबंधित इन्सुला या भागाचा प्रतिसाद क्षीण, तर पुढच्या भागातील काही केंद्रांचा प्रतिसाद अधिक आढळला. त्वचेवरील घामाच्या सूक्ष्म बदलांचे मोजमाप करणाऱ्या २००२ च्या अभ्यासात भीषण चित्रांना मिळणारा प्रतिसाद मंद होता. टाळीसारख्या अचानक आवाजाला मात्र रुग्णांचे शरीर निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक चटकन दचकत होते. याचा अर्थ असा की वरवर बधिर भासणारा हा माणूस आतून विलक्षण सावध असतो. संकट टळल्यावर विझायला हवा असा एखादा दिवा तेवतच राहावा, तसे हे आहे.

जाणीव लांबते कशी

क्षणिक अनुभव एकाच्या बाबतीत विसरला जातो आणि दुसऱ्याच्या बाबतीत महिनोन्‌महिने का टिकतो, याचे सर्वांत उपयुक्त उत्तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ इलेन हंटर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिले. सावरण्याचे बहुतेक मार्ग त्यावर आधारलेले असल्याने ते थोडे विस्ताराने पाहणे योग्य ठरेल.

समजा, परीक्षेच्या आधी चार रात्री अपुरी झोप घेतलेल्या एका विद्यार्थ्याला वर्गात बसल्या बसल्या फळा, शिक्षक, मित्र सारे चित्रातले वाटू लागले. ‘झोप झाली नाही म्हणून असे होत असेल’ असे म्हणून तो सोडून देईल, तर दुसऱ्या दिवशी ही गोष्ट त्याच्या लक्षातही राहणार नाही. परंतु ‘माझा मेंदू बिघडला’ किंवा ‘मला वेड लागत आहे’ असा अर्थ त्याने लावला, तर चिंता वाढते. चिंता वाढली की अवास्तवतेची जाणीव गडद होते. आणि ती गडद झाली की आपली शंका खरी ठरल्याची त्याची खात्री पटते. यानंतर तो पहारा सुरू करतो. सकाळी डोळे उघडताच आज जग कसे दिसते हे तो तपासतो. आरशात स्वतःकडे टक लावून पाहतो. आपल्या हातांकडे, चालण्याकडे, आवाजाकडे लक्ष ठेवतो. ज्या ठिकाणी त्रास झाला ती ठिकाणे टाळतो. रात्री मोबाइलवर लक्षणांचा शोध घेत बसतो.

हा पहाराच त्रासाला खतपाणी घालतो. कोणतीही परिचित गोष्ट अति निरखल्याने परकी होते, हे निरोगी माणसाबाबतही खरे आहे. ‘खिडकी’ हा शब्द चाळीस वेळा मोठ्याने उच्चारला तर तो निरर्थक ध्वनी वाटू लागतो, हा खेळ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. इटालियन संशोधक जिओव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, मंद उजेडात काही मिनिटे आरशात स्वतःच्या चेहऱ्याकडे एकटक पाहिल्यास निरोगी लोकांनाही तो विकृत किंवा अनोळखी भासू लागतो. रुग्ण दिवसभर नेमके हेच करत असतो. जगाचा खरेपणा ही तपासून सिद्ध करण्याची वस्तू नसून, लक्ष अन्यत्र असताना पार्श्वभूमीला असणारी गोष्ट आहे. तिच्याकडे थेट पाहू लागले की ती निसटते.

सावरण्याचे मार्ग

या अवस्थेतून बाहेर पडण्याचा पहिला टप्पा म्हणजे तिचे नाव कळणे. आपल्याला जे होत आहे ते वैद्यकाला परिचित आहे, ते वेड नव्हे आणि मेंदूची झीजही नव्हे, एवढ्या माहितीनेच अनेकांची भीती लक्षणीय प्रमाणात कमी होते. हा दिलासा एकदा मिळाल्यावर तो पुन्हा पुन्हा मिळवण्याचा प्रयत्न मात्र करू नये. रोज नवी माहिती वाचून स्वतःची खात्री पटवून घेणे हे पहाऱ्याचेच दुसरे रूप होय.

तीव्र झटक्याच्या वेळी इंद्रियांच्या आधाराने वर्तमानात परतण्याचे काही साधे उपाय उपयोगी पडतात. पायाचे तळवे फरशीवर घट्ट टेकवून दाब अनुभवणे, थंड पाण्याने तोंड धुणे, लिंबाची फोड किंवा आल्याचा तुकडा चघळणे, हातात खरखरीत वस्तू धरून तिचा पोत बोटांनी चाचपणे, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने उच्चारणे, हे उपाय कुठेही करता येतात. श्वास जलद झाला असल्यास तो नाकाने संथपणे घेऊन त्याहून सावकाश सोडावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय सुरक्षित मानला जात नाही. हे उपाय करताना स्वतःला इजा होईल इतकी तीव्र संवेदना निर्माण करू नये.

या उपायांची एक मर्यादा लोकप्रिय पुस्तिकांमध्ये क्वचितच सांगितलेली आढळते. लिंबू चाखले आणि लगेच ‘आता जग खरे वाटते का?’ असा प्रश्न स्वतःला विचारला, तर उपायाचे रूपांतर तपासणीत होते आणि उत्तर नकारार्थी आले की निराशा वाढते. म्हणून जाणीव घालवण्यासाठी नव्हे, तर हातातल्या कामाकडे परतण्यासाठी यांचा वापर करावा. जाणीव राहिली तरी चालेल, भाजी चिरून व्हायची आहे, अशी वृत्ती येथे अधिक फलदायी ठरते.

सावरण्याचा मुख्य भाग याच दिशेने जातो. अवास्तवतेची जाणीव असतानाच नेहमीचे आयुष्य जगणे, म्हणजे वर्गात बसणे, बाजारात जाणे, मित्रांशी बोलणे, पोळ्या लाटणे, हे सुरुवातीला नाटकासारखे वाटते. आपण केवळ अभिनय करत आहोत अशी रुग्णाची तक्रार असते. तरीही टाळाटाळ थांबवल्याने मेंदूला हळूहळू कळत जाते की धोका नाही. बाहेर लक्ष वेधून घेणारी, हातांना व शरीराला गुंतवणारी कामे विशेष उपयुक्त असतात: पोहणे, सायकल चालवणे, एखादे वाद्य शिकणे, बागेत खणणे, कोणाबरोबर तरी खेळणे. एकट्याने खोलीत बसून ‘मी कोण’, ‘जग खरोखर आहे का’ अशा प्रश्नांचा काथ्याकूट करणे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभते, पण या अवस्थेतील माणसाला त्याचे उत्तर विचाराने सापडत नाही. असे प्रश्न आले तर त्यांच्याशी वाद न घालता ते तसेच सोडून द्यावेत.

झोपेला दुय्यम समजणे ही नेहमी होणारी चूक आहे. उशिरापर्यंत जागरण आणि सकाळी अतिरिक्त कॉफी यांनी एका दिवसात होणारे नुकसान कोणत्याही व्यायामाने भरून निघत नाही. उठण्या-झोपण्याच्या वेळा ठरावीक ठेवणे, जेवण न टाळणे, चहा-कॉफी मर्यादेत घेणे आणि गांजा, भांग व इतर नशिल्या द्रव्यांपासून पूर्णपणे दूर राहणे आवश्यक असते. काही रुग्णांना ट्यूबलाइटचा झगमगाट, मोठी दुकाने किंवा दीर्घकाळ पडद्याकडे पाहणे यांमुळे त्रास वाढल्याचे जाणवते. अशा वेळी ठिकाण कायमचे टाळण्यापेक्षा तेथे थोडा थोडा वेळ जाणे श्रेयस्कर असते.

सुधारणा एखाद्या सकाळी पडदा सरकावा तशी क्वचितच होते. बहुधा ती नंतर लक्षात येते: गेली वीस मिनिटे आपण गप्पांत रंगलो होतो आणि त्या जाणिवेचा विचारही मनात आला नाही, असे कळते, आणि हे कळताक्षणीच ती जाणीव परत येते. हा पराभव नव्हे. त्या वीस मिनिटांची पुढे तासभर होते, मग अर्धा दिवस. आजारपणात, प्रवासात किंवा तणावाच्या काळात लक्षणे पुन्हा डोके वर काढतात, त्यामुळे सारे मुसळ केरात गेले असे समजू नये. बधिरता ओसरू लागल्यावर काहींना आधी आनंद नव्हे, तर रडू, राग किंवा साठलेले दुःख जाणवते. दाबून धरलेल्या भावना परतत असल्याचे ते लक्षण असू शकते. ते असह्य वाटल्यास तज्ज्ञाची मदत घ्यावी.

मानसोपचार व औषधे

बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धतीत वर वर्णन केलेले चक्र रुग्णासमोर उलगडून दाखवतात, त्याच्या भीतीदायक अर्थनिर्णयांची छाननी करतात आणि तपासणी व टाळाटाळ टप्प्याटप्प्याने कमी करतात. हंटर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये २१ रुग्णांवर या पद्धतीचा अभ्यास केला व त्यात सुधारणा आढळली. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्या निष्कर्षांना मर्यादा आहेत. मुळाशी आघात, नैराश्य किंवा भीतीचे झटके असल्यास त्यांवरील उपचारांनी अवास्तवतेची जाणीवही निवळते.

या विकारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेले कोणतेही औषध नाही. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध २००४ मधील नियंत्रित चाचणीत निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. लॅमोट्रिजिनविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. सोबत नैराश्य किंवा चिंताविकार असताना त्यासाठी दिलेल्या औषधांचा अप्रत्यक्ष लाभ होऊ शकतो. क्लोनाझेपामसारख्या शामक गोळ्यांची सवय लागते आणि त्या अचानक बंद केल्यास अवास्तवतेची जाणीव उलट बळावते. त्या स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नयेत. मेंदूच्या विशिष्ट भागाला चुंबकीय स्पंदने देण्याची पद्धत अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे.

निदानातील काळजी

ही जाणीव इतर आजारांचे लक्षण म्हणूनही दिसते. मेंदूच्या कानशिलाकडील भागात उद्भवणाऱ्या अपस्मारात ती अचानक येते, काही सेकंद ते एक-दोन मिनिटे टिकते आणि दर वेळी हुबेहूब तशीच असते. सोबत विचित्र वास येणे, ओठ चावल्यासारख्या हालचाली किंवा नंतर गोंधळल्यासारखे होणे आढळल्यास मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे जावे. अर्धशिशी, आतील कानाचे तोल-विकार आणि डोक्याला झालेली इजा यांचाही विचार करावा लागतो. लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी २००० साली तयार झालेली २९ प्रश्नांची केंब्रिज डिपर्सनलायझेशन मापिका जगभर वापरली जाते. तिच्यावरून स्वतःचे निदान करणे अभिप्रेत नाही.

प्रत्यक्षात निदानास अनेक वर्षे लागल्याची उदाहरणे विपुल आहेत. रुग्णाला नेमके शब्द सापडत नाहीत, तो ‘चक्कर येते’, ‘डोके जड वाटते’ किंवा ‘मन लागत नाही’ एवढेच सांगतो आणि वेडा ठरवले जाण्याच्या भीतीने उरलेले गिळून टाकतो. ‘भोवतालचे सगळे स्वप्नासारखे वाटते, पण ते तसे नाही हे मला कळते’ असे एक वाक्य डॉक्टरांना सांगितल्यास निदान बरेच सोपे होते.

ध्यान व अध्यात्म

जग भासमान आहे असे सांगणारे मायावादी तत्त्वज्ञान आणि स्वतःकडे त्रयस्थपणे पाहणारा साक्षीभाव या कल्पना भारतीय वाचकाला परिचित आहेत. त्यामुळे अवास्तवतेच्या जाणिवेला आध्यात्मिक प्रगती समजले जाण्याचा किंवा साधकाच्या स्वेच्छेच्या अनुभवाला रोग ठरवले जाण्याचा, असे दोन्ही धोके येथे संभवतात. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड कॅस्टिलो यांनी १९९० च्या एका लेखात ध्यान करणाऱ्यांच्या अनुभवांचा विचार करून, अनुभवाला दिलेला अर्थ त्याच्या परिणामात निर्णायक ठरतो, असे प्रतिपादन केले. साधकाला अपेक्षित असलेली अलिप्तता त्याला शांत करते. अनपेक्षितपणे लादली गेलेली अलिप्तता माणसाला घाबरवते आणि त्याच्या कामाधामात अडथळा आणते. मौन पाळून दिवसचे दिवस अंतर्मुख बसण्याच्या शिबिरांनंतर हा त्रास सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. ज्याला ही जाणीव आधीपासून सतावत आहे, त्याने दीर्घ ध्यान टाळून चालणे, सूर्यनमस्कार किंवा सामुदायिक भजन अशा शरीर व सोबत असलेल्या साधना निवडणे अधिक सुरक्षित होय.

निकटवर्तीयांची भूमिका व मदत

घरच्यांना या त्रासाची कोणतीही बाह्य खूण दिसत नाही. माणूस जेवतो, हसतो, कामावर जातो. अशा वेळी ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणणे किंवा लग्न, नवस, हवापालट यांची घाई करणे रुग्णाला अधिक एकाकी करते. त्याचे म्हणणे एकदा नीट ऐकून घ्यावे, त्यावर विश्वास ठेवावा आणि नंतर दर तासाला ‘आता कसे वाटते?’ असे विचारू नये, कारण त्यामुळे त्याचे लक्ष पुन्हा लक्षणांकडे वळते. बरोबर फिरायला जाणे, स्वयंपाकात हाताशी घेणे, पत्त्यांचा डाव मांडणे यांचा उपयोग प्रश्नांपेक्षा अधिक होतो.

जाणीव काही आठवड्यांपेक्षा अधिक टिकली, शिक्षण वा नोकरीत अडथळा आला, किंवा जगण्यात अर्थ नसल्याचे विचार येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट लांबवू नये. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय यंत्रणेतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते आणि तेथे मराठीतून बोलता येते.